बदली लांडगे

समतोल राखणं हे कोणत्याही सुधारलेल्या राज्याचं पहिलं कर्तव्य आहे. जिथे काही जास्त झालं असेल तिथून ते कमी करावं, जिथे कमी पडलं असेल तिथे आणून सोडावं, इतकं हे शास्त्र सोपं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांच्या असं ध्यानात आलं की इंदूरच्या मिलमध्ये माणसं फार झाली आहेत आणि बेटम्यापलीकडच्या माळावर लांडगे फारच कमी उरले आहेत. दोन्ही चुका एकाच वर्षी दुरुस्त झाल्या. श्री मार्तंड मिलच्या गेटला कुलूप लागलं आणि जामुनखेडीच्या माळावर नऊ लांडगे सोडण्यात आले.

लांडगे वाजतगाजत आले. त्यांच्यासाठी हार आणला होता. (तो गळ्यात घालायला कोणी पुढे झालं नाही, म्हणून पिंजऱ्याला घातला.) प्रत्येकाच्या मानेला पट्टा, प्रत्येकाला नंबर, औषधपाण्याला डॉक्टर. मिलच्या कामगारांना कुठे नेऊन सोडलं याची नोंद आढळत नाही. ते आपापले गेले असावेत.

दिवाकर मोघे या मिलमध्ये टाइमकीपर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच काम केलं होतं: गेटवर उभं राहून आत किती आले ते मोजणं. माणसाचं तोंड न बघता, नुसत्या चपलांच्या आवाजावरून ते कोणत्या खात्यातला कोण हे सांगत. भोंगा बंद झाल्यावर सगळ्या शहराची झोप वाढली, पण दिवाकररावांची पहिल्या पाळीच्या वेळेला मोडायची ती मोडायचीच. ते उठत, मल्हारगंजातल्या दोन खोल्यांमधून निघून मिलपर्यंत चालत जात आणि परत येत.

"कुलूप हजर आहे ना?" त्यांची बायको चारुलताबाई चहा गाळता गाळता विचारत.

"हजर आहे," ते म्हणत.

विनोद म्हणून ठीक होतं, पण त्या कुलपाचा त्यांनी धसका घेतला होता. घराला कुलूप लावायचंही त्यांनी बंद केलं. मल्हारगंजासारख्या ठिकाणी घर उघडं टाकून जाणारं हे एकच कुटुंब होतं, आणि चोरसुद्धा काहीतरी डाव असेल या संशयाने आत शिरत नसत. दिवाकररावांचं देवाजवळ एकच मागणं होतं. पुन्हा कुठे काम मिळालं तर त्या दाराला आपल्या डोळ्यांदेखत कुलूप लागू नये.

देव अशा वेळी ऐकतो, फक्त पुरतं ऐकत नाही. तुकोगंजात भाड्याच्या बंगल्यात 'लांडगा पुनरागमन व ग्रामसहजीवन प्रकल्प' सुरू झाला होता. पैसा परदेशातून येत होता, कारण त्या वर्षी सगळंच परदेशातून यायला लागलं होतं. त्यांना गणनेचा अनुभव असलेला इसम हवा होता. मुलाखत घेतली प्रकल्पप्रमुख अमिता राजवाडे यांनी. त्या पुण्याहून आल्या होत्या आणि इंदूरच्या मराठीवर त्यांचा अजून विश्वास बसायचा होता.

"काका, वन्य प्राण्यांबरोबर काम केलंय कधी?"

"मॅडमजी, रिंग खात्याची तिसरी पाळी मी सांभाळलेली आहे."

बाईंनी समोरच्या कागदावर 'दांडगा फील्ड एक्स्पीरियन्स' असा शेरा मारला. दिवाकररावांची नेमणूक झाली.

प्रकल्पाचं पहिलं पाऊल म्हणजे ग्रामस्थांच्या चिंता समजून घेणं. (चिंता दूर करणं हे पुढच्या टप्प्यात होतं. त्या टप्प्याला मंजुरी यायची होती.) जामुनखेडीच्या चावडीवर सभा भरली. अमिताबाईंनी तक्ता टांगला. तक्त्यात गवत होतं, गवत खाणारी हरणं होती आणि हरणं खाणारा लांडगा होता. सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, हरणांच्यासुद्धा. लांडगा बकरीकडे ढुंकून बघत नाही, आणि चुकून बघितलंच तर भरपाई मिळेल, असं बाईंनी सांगितलं. अटी सोप्या होत्या. बकरी मेलेली असावी. ती लांडग्याने मारलेली असावी. लांडगा प्रकल्पाचाच असावा, खासगी चालणार नाही. आणि बकरीचा उरलेला भाग मालकाने हजर करावा.

मग प्रश्न विचारा म्हटल्यावर अंबिका उठली. तिच्या दावणीला बऱ्यापैकी बकऱ्या होत्या. घराणं धनगराचं, होळकरांच्या मागोमाग दक्षिणेतून आलेलं. घरात मराठी अजून टिकून होती, फक्त तिला माळव्याची माती चांगली लागली होती.

"मॅडमजी, एक बात सांगा. तुमचा हा भेडिया दिवसातून किती वेळा चहा पितो?"

"चहा? लांडगा चहा पीत नाही हो."

"मग सोडा की! काही हरकत नाही. हा बघा माझा देवर, संताजी. मिल बंद झाली तसा घरी येऊन बसला. दहा वेळा चहा लागतो त्याला. जोरजोरात भजनं म्हणतो. भोंग्याच्या टायमाला उठतो आणि साऱ्या गावाला उठवतो. म्हणतो जमिनीत माझा पण हिस्सा आहे. भेडियाने हिस्सा मागितल्याचं मी तर कधी ऐकलं नाही. तर याच्यासोबत कसं राहायचं, त्याचा काही छापील परचा असेल तर तो द्या ना."

सभेत हशा पिकला. मागे भिंतीला टेकून उभा असलेला संताजी जमिनीकडे बघत राहिला. दिवाकररावांनी त्याला ओळखलं. मार्तंड मिल, सूत कातायचं रिंग खातं, मिलच्या भजनी मंडळाचा मुख्य गायक. अमिताबाईंनी टिपून घेतलं: 'ग्रामस्थांचा लांडग्यांना विरोध नाही.' अगदी खरं होतं ते.

लांडग्यांनी काही आठवडे परिस्थितीचा अभ्यास केला. तक्त्यातली हरणं माळावर उतरली नाहीत. माळाच्या एका अंगाला खडीची खाण निघाली होती आणि दुसऱ्या अंगाला नव्या कारखान्यांचे दिवे लागले होते. शेवटी लांडग्यांनी निर्णय घेतला आणि ते गुजरातकडे निघून गेले. त्या काळात ज्याच्याजवळ चार पाय किंवा चार पैसे होते, तो तिकडेच चालला होता.

मागे राहिली एक म्हातारी मादी. एका पायाने लंगडी, दाढा पडलेल्या. गावाने तिचं नाव बेबी ठेवलं. ती अंबिकेच्या घरामागे उन्हात पडून असे, आणि अंबिका तिला शिव्या घालत मक्याची शिळी भाकरी टाकत असे. (प्रकल्पाच्या अहवालात 'कळपाची प्रमुख मादी स्थानिक आहाराशी जुळवून घेत आहे' असा उल्लेख आहे.)

आणि अशातच दिल्लीहून निरोप आला की गणना करायला तज्ज्ञ येत आहेत. पद्धत शास्त्रीय होती. तिन्हीसांजेला माळावर कर्ण्यातून लांडग्याची हाळी वाजवायची. हद्दीतले लांडगे तोंड वर करून उत्तर देतात. ती उत्तरं मोजायची. नऊपेक्षा कमी भरली तर प्रकल्प बंद.

"बंद?" दिवाकररावांनी विचारलं.

"बंदच करावा लागेल ना, काका."

ते बंगल्याच्या दाराकडे गेले. कडी-कोयंडा नवाकोरा होता, कुलपासाठी जागा तयारच होती. ते किती तरी वेळ त्या कोयंड्याकडे बघत उभे राहिले.

आता इथे मिलमधली एक रीत सांगणं भाग आहे. मिलमध्ये दोन प्रकारची माणसं असतात, कायम आणि बदली. कायमवाला आला नाही तर मशीन थांबत नाही. गेटबाहेर बदलीवाले उभेच असतात. टाइमकीपर त्यातला एक आत घेतो, तो गैरहजराच्या जागी उभा राहतो, आणि सूत निघत राहतं. त्या सुताचं धोतर नेसणारा कधी विचारत नाही की हे कायमने कातलं की बदलीने. कायमवाला परत आला की बदलीवाला मुकाट्याने बाहेर. यात कोणी कोणाला फसवत नाही. दिवाकररावांनी हे जन्मभर केलं होतं आणि त्याबद्दल मिलने त्यांना एक पितळी घड्याळ दिलं होतं. गैरहजर दिसला की बदली भरायची. गैरहजर कोण, हा प्रश्न टाइमकीपरच्या कामात बसत नाही.

त्यांनी अमिताबाईंना सांगायचा प्रयत्न केला.

"मॅडमजी, माझ्या मनात एक तजवीज आहे..."

"काका, मला प्रोसेस सांगू नका. आउटपुट द्या."

हे नव्या काळाचं वचन ऐकून ते तडक जामुनखेडीला गेले. संताजी ओट्यावर बसला होता.

"संताजी, बदली भरायची आहे."

संताजी उठला आणि त्याने चपला पायात घातल्या. काम काय, हेही विचारलं नाही. मिल बंद झाल्यापासून तो याच शब्दाची वाट बघत बसला होता, हे दिवाकररावांना दिसलं आणि त्यांना वाईट वाटलं.

"कोणत्या खात्यात, मोघेजी?"

"लांडग्यांच्या."

संताजीने विचार केला. "कायम होण्याचा चान्स आहे का?"

"बघू. आणखी सात जण लागतील."

"सात काय भिया, सत्तर आणतो. आवाज फक्त द्या." (इंदुरात भाऊला 'भिया' म्हणतात.)

तालीम खाणीच्या मागे झाली. नियम ठरले. पाळीवर असताना बिडी नाही. हसायचं नाही. सम गाठायची नाही. (हा सगळ्यात अवघड गेला. भजनी मंडळातली माणसं, तिसऱ्या आवर्तनाला आपोआप तीनतालात येत.) एकाने हाळीच्या शेवटी 'विठ्ठल विठ्ठल' जोडलं, त्याला ताकीद मिळाली. बेबी समोर बसून हे सगळं मान तिरकी करून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती उठून दूर जाऊन बसली.

गणनेच्या संध्याकाळी तज्ज्ञांनी कर्णा वाजवला. मग टेकडीमागून संताजीने सूर लावला आणि बाकीचे सात त्याला मिळाले. खालून वर चढत गेलेला, वर बराच वेळ स्थिर राहिलेला, मग हळूहळू उतरलेला तो आवाज. लांडग्याची हाळी त्यांनी कधी ऐकली नव्हती. लांब आवाज म्हटल्यावर त्यांना एकच ठाऊक होता, आणि तोच त्यांच्या गळ्यातून निघाला. मार्तंड मिलचा भोंगा!

दिवाकररावांचा हात आपोआप खिशात गेला. त्यांनी पितळी घड्याळ काढून वेळ लावली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे काटे दिसत नव्हते, तरी लावली. शेवटी बेबीनेही जांभई दिल्यासारखा एक सूर काढला आणि नऊचा आकडा पुरा झाला. तज्ज्ञांनी लिहिलं की माळव्यातल्या लांडग्यांची स्वतःची वेगळी बोली आहे, आणि ती विलक्षण शिस्तबद्ध आहे.

पुढे गणना दर महिन्याला ठरली, आणि बदलीवाले रोजचे झाले. लांडग्यांच्या आहाराच्या पैशातून त्यांची डाळ-बाटी निघू लागली. जनावरांचे डॉक्टर तपासणीला येत, ते मोठ्या मनाने यांनाही तपासत. रिंग खात्यात कापसाची धूळ खाऊन संताजीला जुना खोकला जडला होता. त्याच्या छातीला नळी लावून नीट ऐकणारा हा पहिलाच डॉक्टर. औषध वजनावर दिलं आणि गुण आला. "आदमीचा डॉक्टर तर दुरूनच पर्ची लिहायचा," संताजी सगळ्यांना सांगत सुटला.

ग्रामस्थांच्या चिंताही आता खऱ्या अर्थाने समोर येऊ लागल्या. लांडगे संध्याकाळी दारात येऊन चहा मागतात. लांडगे पत्ते खेळतात. पौर्णिमेला जास्त काम पडतं म्हणून लांडग्यांनी दोन दिवस संप केला आणि माळावर घोषणा दिल्या. (त्या महिन्याच्या अहवालात 'कळपात सामाजिक जाणीव वाढीला लागली आहे'.) जावई गावात आले तर त्यांना आधी समजावून सांगावं लागतं की टेकडीवर बोंबलतात ते आपलेच लोक आहेत. पण अंबिकेची तक्रार मात्र कमी झाली होती. संताजी आता सकाळी उशिरा उठे. तिने एकदा दिवाकररावांना ताकाचा पेला आणून दिला आणि म्हणाली, "कामावर जातो म्हणून सांगतो हो आता. कपडे धुऊन घालतो. आदमी कामावर गेला की घरात बरा वाटतो."

याच सुमारास प्रकल्पाने शहरवासीयांसाठी 'दत्तक लांडगा' योजना काढली. आपण वर्षाची वर्गणी भरायची. आपल्याला आपल्या लांडग्याचा फोटो चौकटीसह घरपोच मिळायचा: मावळता सूर्य, टेकडीचा माथा, आणि त्यावर तोंड वर करून हाळी देणारी काळी आकृती. (ज्या वाचकांनी तेव्हा लांडगा दत्तक घेतला असेल त्यांनी चौकट भिंतीवरून उतरवू नये. पुढे लागणार आहे.) लोकांनी अशी काही गर्दी केली की लांडगे कमी पडू लागले.

आणि इथे दिवाकररावांची चूक झाली. चूक म्हणजे सवयच. बातमी फुटली तशी इतर बंद मिलमधली माणसंही जामुनखेडीच्या वेशीवर येऊन उभी राहू लागली. डब्यासकट. कोणी मागांच्या सांचा खात्यातला, कोणी रंग खात्यातला. उभी राहत आणि दिवाकररावांकडे बघत. मिलमध्ये असताना रोज किती जणांना 'आज नाही' सांगावं लागायचं, आणि ते त्यांना कधी जमलं नव्हतं, फक्त जमतं असं दाखवलं होतं. इथे माळ मोठा होता आणि गेट नव्हतं. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. आणि आत किती आले ते प्रामाणिकपणे मोजलं, कारण खोटा आकडा त्यांनी जन्मात कधी दिला नव्हता.

चाळीस झाले. बेबी धरून एक्केचाळीस.

अमिताबाई स्वतः पेढे घेऊन माळावर आल्या. "काका, अभिनंदन! एवढी वाढ जगात कुठे झालेली नाही. परदेशातून फॅक्स आलाय. लांडगे आता स्वयंपूर्ण झाले. त्यांना आपली गरज उरली नाही. उलट थोडे सरप्लसच आहेत."

हा शब्द दिवाकररावांनी आधी एकदा ऐकला होता. त्यांनी पेढा हातातच धरला.

"म्हणजे बंद?"

"बंद काय म्हणता! समारोप. यशस्वी समारोप."

"कुलूप लागणार का, मॅडमजी?"

"ऑफिसला? हो, ते लावावं लागेलच ना." बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी दिवाकररावांच्या हातावर हात ठेवला. "काका, तुमच्यामुळे झालं हे सगळं."

याविषयी दुमत असण्याचं कारण नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी कर्णा नव्हता आणि तज्ज्ञही नव्हते. पाळी संपली असं दिवाकररावांनी सांगितलं, पण कोणी उठेना. मग संताजी म्हणाला, "एक बार होऊन जाऊ द्या, भिया. बिनपगारी." चाळीस जणांनी मिळून भोंगा दिला. तो बेटम्यापर्यंत गेला असं म्हणतात. दिवाकरराव सवयीने डोळे मिटून मोजत होते. चाळीस. बेबी, एक्केचाळीस. आणि मग पश्चिमेकडून, गुजरातच्या बाजूने, बेचाळीस, त्रेचाळीस...

आकडा एकोणपन्नासवर थांबला. त्यांनी डोळे उघडले. खाणीच्या कडेवर आठ जण उभे होते, मानेला पट्टे, अंगावर प्रवासाची धूळ. गावाकडे बघत होते. बेबी लंगडत त्यांच्याकडे निघाली होती. एवढे दिवस संध्याकाळच्या संध्याकाळी आपल्याला कोण बोलावतंय, हे बघायला ते शेवटी आले होते. आठही गैरहजर हजर झाले होते.

रीत सगळ्यांना माहीत होती. कायमवाला आला की बदलीवाल्याने वाद घालायचा नसतो. चाळीस माणसांनी आपापल्या चपला शोधल्या, डबे उचलले आणि ती मुकाट्याने टेकडी उतरून गेली.

त्या आठवड्यात अंबिकेच्या बकऱ्या जायला लागल्या. तिसरी गेल्यावर ती उरलेला भाग फडक्यात बांधून तुकोगंजात गेली. बंगल्याला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं की प्रकल्प यशस्वी झाला. ती फडकं घेऊन तिथून मल्हारगंजात आली. मोघ्यांचं दार उघडंच होतं.

"तेव्हा निदान चहावर भागत होतं हो," ती दिवाकररावांना म्हणाली आणि तिथेच बसून रडली. चारुलताबाईंनी तिला पाणी दिलं. दुसऱ्या दिवसापासून दिवाकरराव सकाळी दोन कुलुपं बघून येऊ लागले.

आता ती चौकट. आपण भिंतीजवळ जा आणि चष्मा लावून नीट बघा. टेकडीच्या माथ्यावर, लांडग्याच्या मागच्या पायापाशी, दगडावर चपलांचा जोड काढून ठेवलेला आहे. शेजारी चहाचा पेला आहे. इतकी वर्षं तो फोटो आपल्या दिवाणखान्यात आहे आणि आपण त्या लांडग्याला दर दिवाळीला जामुनखेडीच्या पत्त्यावर भेटकार्डही पाठवलं आहे. अंबिकेने ती सगळी जपून ठेवली आहेत.

कार्डामागचा आपला पत्ता बघूनच संताजी एकदा आपल्या बंगल्यावर आला होता. चौकीदाराचं काम आहे का, विचारायला. खोकला परत सुरू झाला होता. आपण जाळीच्या आडून त्याला बघितलंत, तसलं काही नाही म्हणालात आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत कुत्र्याचा पट्टा हातात धरून उभे राहिलात. मग आत येऊन कडी लावलीत, आणि कोण होतं असं पाहुण्यांनी विचारल्यावर म्हणालात, "कुणी नाही, हल्ली फार झालेत हे लोक." आणि विषय बदलावा म्हणून चौकटीकडे बोट दाखवलंत.

"हा मात्र आमचा. बिचारे, जगले पाहिजेत हो."